म्हाताऱ्यांच्या ताटातली डाळ कुठं गेली?

आपल्याकडे म्हातारं माणूस जेवायला बसलं की एक वाक्य ठरलेलं असते, "आता मले काय लागते?" घरचेही मान डोलावतात, या वयात हलकंच खावं म्हणून. मग सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पातळ वरण-भात, रात्री अर्धी पोळी. घट्ट डाळ शेतात राबणाऱ्याला, दूध-अंडं नातवाला. आजी तर सगळ्यांचं झाल्यावर बसणार, उरलं तेवढ्यात भागवणार.

याला आपण हलकं खाणं म्हणतो. मी याला सवयीची उपासमार म्हणतो.

वय वाढलं की भूक कमी होते, पण शरीराची प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती भागली नाही की मांड्या-दंड झिजतात. आधी खाटेवरून उठायला हात लागतो, मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो, खुबा मोडतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो. नव्वदी गाठायची तर स्वतःच्या पायावर गाठावी ना!

हिशेब सोपा आहे. ५० किलो वजनाच्या माणसाला रोज किमान ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ज्वारीच्या दोन भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध आणि एक अंडं एवढ्यात ती भागतात. अंडं चालत नसेल तर चून किंवा मुगाची उसळ आहे. दात नाहीत? भाकरी वरणात कुस्करा, ज्वारीच्या कण्या शिजवा, दाण्याचं कूट करा. यातलं काहीही पुण्या-मुंबईहून आणावं लागत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा खारपाणपट्टा. किडनीच्या आजाराची घरं तिथं गावोगाव आहेत. किडनीचा त्रास असलेल्यांनी डाळ-अंडं किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मीठ तर सगळ्यांनीच दिवसाला एका चमच्याच्या आत ठेवावं. लोणचं-पापडातलंही त्यातच मोजावं.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकार साहेब, पैसे कोण देणार? बरोबर आहे. निराधार-श्रावणबाळचा 'पगार' महिन्याला १५०० रुपये, त्यातच गोळ्या-औषधं. शेतात सोयाबीन आलं, ज्वारी गेली. ज्या घरात कधीकाळी ज्वारीची पोती असायची, ते घर आज भाकरीचं पीठ विकत आणते.

म्हणून खरा प्रश्न रेशनचा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हासोबत भरडधान्यही लिहिलेलं आहे. २०२३ साली भरडधान्य वर्षही साजरं झालं, भाषणं झाली. पण आपल्या लोकांच्या थैलीत मुख्यतः गहू-तांदूळच पडत आले. डाळीचं तर नावच नको.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळाले, तेव्हा दिल्लीहून तज्ज्ञ आले. रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचं डॉ. हिंमतराव बावस्करांनी सांगितलं आणि आपलं धान्य येतं कुठून, हे आपण पहिल्यांदा विचारलं. केस गळाले की पथक येते. म्हाताऱ्यांच्या मांड्या गळतात, तेव्हा कुणीच येत नाही, कारण ते दिसायला वीस वर्षं लागतात.

मागणी साधी आहे. जिल्ह्यातली ज्वारी आणि तूर हमीभावानं घ्या आणि इथल्याच रेशन दुकानातून द्या. शेतकऱ्यालाही भाव मिळेल, म्हाताऱ्यालाही घास. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. ठराव झाला तर मला कळवा, मी बातमी लावतो.

आणि सरकार जागं होईपर्यंत? आज रात्री वरण वाढताना डाव तळापर्यंत घाला आणि पहिली वाटी आजीला द्या.