घडवायचं बाईनं, मिरवायचं कुणी?

“मुली लहान आहेत तोवर ताई चालतील. जरा मोठ्या झाल्या, बाहेर स्पर्धांना जायला लागल्या, की सरच लागतात.”

किशोरी मुलींच्या गटांसाठी भरवलेल्या एका क्रीडाशिबिरात एका अनुभवी प्रशिक्षकांनी हे वाक्य अगदी सहज उच्चारलं. समोर आम्ही सगळ्या कार्यकर्त्याच होतो. दोघीचौघी हसल्या, काहींनी मान डोलावली. मी गोवंडीच्या वस्तीत मुलींच्या गटाबरोबर काम करते, आठवड्यातले तीन दिवस मैदानावर असते. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला गटकार्य शिकवलं, ऑफसाइड कुणी शिकवलं नाही; ते मुलींबरोबरच शिकले. त्या सरांचा मला राग आला नाही. राग आला तो स्वतःचा, कारण त्या वेळी तोंडातून एक शब्द फुटला नाही. घरी आल्यावर मात्र वाचायला लागले. वाचता वाचता पोचले इंग्लंडला, जिथं या खेळाचे नियम लिहिले गेले तिथं. तिथं मला तीन माणसं सापडली. तिघंही बचावफळीत खेळलेली, देशासाठी खेळलेली, निवृत्तीनंतर प्रशिक्षणात शिरलेली. त्या तिघांची गोष्ट सांगते, म्हणजे ‘सरच लागतात’ ही व्यवस्था कशी चालते ते मैत्रिणींना दिसेल.

पहिली बाई. मो मार्ली. लिव्हरपूलची, एव्हर्टन क्लबची बचावपटू, इंग्लंडची कर्णधार. जन्म १९६७ चा. या सालाकडे जरा थांबून बघू या. १९२० च्या नाताळात एव्हर्टनच्याच मैदानावर बायकांचा फुटबॉल सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. त्यानंतर वर्षभरातच, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या सगळ्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. कारण काय, तर हा खेळ बायकांना शोभत नाही. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. म्हणजे ही मुलगी जन्मली तेव्हा तिच्या गावच्या मोठ्या मैदानावर तिच्या आईलाही खेळायची परवानगी नव्हती. अशा देशात ती खेळली, कर्णधार झाली, आणि २००१ पासून एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा राष्ट्रीय संघ तिच्याकडे आला. २००२ ते २०१२ अशी दहा वर्षं तिनं एव्हर्टनच्या महिला संघालाही शिकवलं, २०१० साली त्यांना एफ. ए. कप मिळवून दिला. तिच्या एकोणीस वर्षांखालच्या मुली २००७, २००९, २०१० आणि २०१३ अशा चार वेळा युरोपच्या अंतिम सामन्यात पोचल्या. २००९ मध्ये बेलारूसला त्यांनी स्वीडनला दोन गोलांनी हरवून विजेतेपद मिळवलं. टोनी डगन, जॉर्डन नॉब्स या पुढे नावाजलेल्या खेळाडू त्याच संघातल्या.

दुसरा पुरुष. गॅरेथ साउथगेट. तोही बचावपटू, देशासाठी ५७ सामने खेळलेला. २००६ मध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच वर्षी मिडल्सब्रो क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्या पदासाठी लागणारा सर्वोच्च परवाना त्याच्याकडे नव्हता. त्याला सवलत दिली गेली. तीन वर्षांत क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि नोकरी गेली. यात त्याची नालस्ती करायची नाही, माणूस सभ्य आहे असं सगळेच म्हणतात. पण हे अपयश त्याच्या आड आलं नाही. २०१३ मध्ये त्याच्याकडे एकवीस वर्षांखालच्या मुलांचा राष्ट्रीय संघ आला. सप्टेंबर २०१६ मध्ये मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाला एका प्रकरणापायी जावं लागलं, तेव्हा साउथगेटला हंगामी नेमलं. चार सामने झाले: दोन जिंकले, दोन बरोबरीत सुटले. ३० नोव्हेंबरला तो कायम झाला.

आता एकच वर्ष पुढं या. संघटना तीच. सप्टेंबर २०१७ मध्ये महिला संघाचे प्रशिक्षक मार्क सॅम्पसन यांना काढलं गेलं. आधीच्या महिला क्लबमधलं त्यांचं वागणं अस्वीकारार्ह होतं, असं संघटनेनंच जाहीर केलं. एनी अलुको या खेळाडूनं त्यांच्या वंशभेदी शेऱ्यांची तक्रार केली होती. ती आधी फेटाळली गेली होती. ऑक्टोबरमध्ये पुन्हा झालेल्या चौकशीत खरी ठरली. (तक्रार करणाऱ्या बाईला आपण खोटारड्या नाही हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, हे आपल्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कुणालाही नवीन नाही.) या सगळ्या चिखलात संघ कुणाच्या हाती दिला? मो मार्लीच्या. घर पेटलं की बाईच्या हातात कळशी देतात तसं. तीन सामने झाले: फ्रान्सकडून एका गोलानं हार, बोस्नियावर चार गोलांनी आणि कझाकस्तानवर पाच गोलांनी विजय. आणि २३ जानेवारी २०१८ ला कायम प्रशिक्षक म्हणून जाहीर झालं नाव फिल नेव्हिल.

हा तिसरा. हाही बचावफळीतला. मँचेस्टर युनायटेड आणि एव्हर्टनचा नामवंत खेळाडू, देशासाठी ५९ सामने. २०१३ मध्ये निवृत्त. नंतर दोन मोठ्या क्लबांत सहायक म्हणून काम. मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव किती? साल्फर्ड या छोट्या क्लबचा एक सामना, तोही दुसऱ्या एका खेळाडूबरोबर जोडीनं. महिला फुटबॉलमध्ये काम शून्य. नेमणूक होताच त्याची २०११-१२ मधली समाजमाध्यमावरची जुनी वाक्यं लोकांनी शोधून काढली. सकाळच्या वेळी बायका न्याहारी करण्यात, मुलांचं आवरण्यात, अंथरुणं काढण्यात गुंतलेल्या असतील, असं एक. बायकोला बदडून आलो, आता बरं वाटतंय, असं आणखी एक, विनोद म्हणून. त्यानं माफी मागितली, हे आपले खरे विचार नाहीत असं सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. मी त्याच्या घरात डोकावत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की मारहाणीचा विनोद करणाऱ्या माणसाच्या हाती देशातल्या सर्वोत्तम मुली देताना टेबलाभोवतीच्या कुणालाच तो इतिहास तपासावासा वाटला नाही का? अंगणवाडी सेविकेच्या नेमणुकीला याहून जास्त कागद लागतात.

मार्लीबाईंना ते पद हवं होतं की नव्हतं, हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा मोजपट्टीचा आहे. पुरुषानं तरुण संघ तीन वर्षं सांभाळला तर ती मोठ्या पदासाठीची तयारी. बाईनं तोच तरुण संघ सोळा वर्षं सांभाळला, चार वेळा अंतिम फेरीत नेला, एकदा जिंकवला, तर ती तिची ‘जागा’. साउथगेटसाठी ती शिडी होती. मार्लीसाठी ती माजघरातली खोली होती, जिला वरच्या मजल्याचा जिनाच नव्हता. आणि ज्यानं त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं तो थेट माडीवर जाऊन बसला, कारण त्याचं नाव मोठं होतं. ते नाव मोठं झालं कुठं? पुरुषांच्या खेळात. त्या खेळाला मैदानं, पैसा, पन्नास हजार प्रेक्षक आणि छापून येणारे रकाने मिळाले, कारण बायकांकडून ते पन्नास वर्षं काढून घेतले होते. म्हणजे आधी वाट अडवायची आणि मग विचारायचं, तुझ्या पायावर धूळ कशी नाही?

बचावपटूचं कामच असं आहे, की नीट झालं तर दिसत नाही. गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं. गोल होऊ न देणारी दिसते ती चुकल्यावरच. आमच्या मुली सुरुवातीला बचावात उभं राहायला नाही म्हणायच्या. “ताई, मागं उभं राहून काय, भांडीच घासायची का?” असं एक जण मला म्हणाली होती. मला तेव्हा हसू आलं. आता वाटतं, तिचं बरोबरच होतं. बाई मैदानात मागं उभी राहते, नंतर लहान मुलींना घडवते. दोन्हीकडचं श्रेय पुढच्याचं.

मार्ली परत आपल्या मुलींकडं गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला झालेल्या वीस वर्षांखालच्या विश्वचषकात तिच्या संघानं तिसरं स्थान मिळवलं. त्या संघात जॉर्जिया स्टॅनवे होती, अलेसिया रूसो होती, लॉरेन हेम्प होती. नेव्हिलच्या हाताखाली मोठा संघ २०१९ च्या विश्वचषकात चौथा आला. निकाल लाजिरवाणा नव्हता, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये तो पद सोडून गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये सरीना विग्मन आल्या आणि ३१ जुलै २०२२ ला वेम्ब्लीवर जर्मनीला हरवून इंग्लंड युरोपविजेतं झालं. स्टॅनवे, रूसो, हेम्प तिघीही त्या संघात. २०२५ मध्ये पुन्हा तेच.

“मग झालं की! बाईच आली ना?” असं आमच्या एका सहकाऱ्यानं विचारलं. आली. पण कशी आली ते बघा. विग्मन शाळेत व्यायामशिक्षिका होत्या, नेदरलँड्ससाठी शंभराच्या आसपास सामने खेळल्या, राष्ट्रीय संघाच्या सहायक झाल्या. २०१६ च्या अखेरीस तिथल्या प्रशिक्षकाला काढलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये डच संघटनेनं हाताशी असलेल्या याच बाईला मुख्य प्रशिक्षक केलं. त्याच उन्हाळ्यात नेदरलँड्स युरोपविजेतं झालं. म्हणजे ज्या वर्षी एका देशानं आपल्या सहायक बाईला वर घेतलं आणि करंडक उचलला, त्याच वर्षी शेजारचा देश आपल्या बाईला हंगामी ठेवून बाहेर शोधत होता. इंग्लंडनं बाई नेमली ती तिनं दुसऱ्यांसाठी जिंकून दाखवल्यावर. बाईला आधी पुरावा द्यावा लागतो, पुरुषाला आधी संधी मिळते. आणि २०२३ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत पोचलेल्या आठ संघांमध्ये बाई प्रशिक्षक किती होत्या? एक. विग्मन.

हाच सहकारी पुढं म्हणाला, पुरुषांनाही परत पाठवतात. खरं आहे. ली कार्स्लीनं २०२३ मध्ये एकवीस वर्षांखालचा युरोपचषक जिंकला, २०२४ मध्ये मोठा संघ सहा सामने हंगामी सांभाळला आणि परत आपल्या मुलांकडं गेला. पण त्याच्या वर कोण आलं? थॉमस टुखेल, ज्यानं चेल्सी क्लबला युरोपातला सर्वांत मोठा क्लबचषक जिंकून दिला होता. कार्स्लीच्या वर त्याच्याहून जास्त कमावलेला माणूस बसवला. मार्लीच्या वर कोण बसवला, ते वर लिहिलंच आहे.

हे लांबचं झालं, असं कुणाला वाटेल. २०२२ साली सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्याकडं झाला. भुवनेश्वर, गोवा आणि आमच्यापासून खाडीपलीकडच्या नवी मुंबईत. त्याच वर्षी स्पर्धेच्या काही महिने आधी आपल्या मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून सहायक प्रशिक्षकाला परत बोलावून काढून टाकावं लागलं. मुख्य प्रशिक्षकही पुरुषच होते, स्वीडनचे. त्याआधी, २०१७ ते २०२१, भारताच्या मोठ्या महिला संघाच्या प्रशिक्षक गोव्याच्या मेमोल रॉकी होत्या, त्या पदावरची पहिली बाई. त्यांच्या काळात संघानं ऑलिंपिक पात्रतेची पहिली फेरी ओलांडली, २०१९ ची सॅफ स्पर्धा जिंकली. विश्वचषकाच्या घरच्या मैदानावर मात्र आपल्या मुलींच्या बाकावर सूत्रं पुरुषाच्या हातात होती.

अशी प्रकरणं झाली की लगेच मागणी येते, मुलींच्या संघाबरोबर बाई पाठवा. पाठवतातही. आंतरशालेय स्पर्धेला मी कितीदा गेले आहे. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असते. तिच्याकडं पाण्याच्या बाटल्या, पालकांची संमतिपत्रं, पाळी आली तर लागणारं सामान, आणि मुली रात्री खोलीबाहेर पडू नयेत याची जबाबदारी. कागदावर ती ‘व्यवस्थापक’. कोण खेळणार, कोण बसणार, हे सर ठरवतात. बाई हवी ती पहारेकरीण म्हणून, हेही मला मान्य नाही. त्या शिक्षिकेच्या हातात शिट्टी आणि संघाची यादी असेल तेव्हाच मुलीला तिच्याकडं तक्रार घेऊन जाण्यात अर्थ वाटेल. जिच्या हातात फक्त बाटल्या आहेत तिला सांगून काय होणार, हे तेरा वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं.

आपल्या संस्थांनीही अंगावरची धूळ झटकून बघावी. वस्तीत दहा वर्षं चप्पल झिजवणारी कार्यकर्ती ‘ताई’च राहते, आणि देणगीदारांशी इंग्रजीत बोलणारा कालचा मुलगा समन्वयक होऊन येतो. माझ्या डोळ्यांसमोर हे घडलं आहे. मी त्या मुलाखतीच्या टेबलावर बसले होते आणि सही केली आहे.

म्हणून आता आम्ही एक काम हाती घेतलं आहे. आमच्या गटातून खेळून मोठी झालेली एक मुलगी आज बावीस वर्षांची आहे, एका लेकराची आई आहे, अजून सुट्टीच्या दिवशी मागं बचावात उभी राहते आणि लहान मुलींना ओरडून ओरडून जागा दाखवते. तिचं नाव फुटबॉल प्रशिक्षणाच्या सगळ्यांत खालच्या, डी परवान्याच्या वर्गासाठी दिलं आहे. वर्गाच्या शुल्काची वर्गणी झाली. बाळाला दिवसा आमच्या पाळणाघरात ठेवायचं ठरलं आहे. तुमच्या गटांत अशी कुणी असेल तर आम्हाला कळवा, दोघीतिघी बरोबर असल्या तर तिलाही बरं वाटेल. आणि तुमच्या तालुक्यातल्या मुलींच्या संघांची माहिती लिहून पाठवा: यादीवर प्रशिक्षक म्हणून सही कुणाची, व्यवस्थापक म्हणून कुणाची. नवरा तयार आहे. सासूबाईंशी बोलणं चालू आहे. परवा पुन्हा जाणार आहे.