गाईडचे पाचशे रुपये जड होतात, आणि म्हणे आम्हाला इतिहासाचं वेड आहे!

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचायला घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून कमेंटमध्ये शिव्या देऊ नका.

पावसाळा सुरू झाला की आमच्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर. सगळ्यात जास्त गर्दी नाणेघाटात, कारण तिथला उलटा धबधबा रीलमध्ये व्हायरल झालेला आहे. गर्दीबद्दल माझं काही म्हणणं नाही. लोकांनी यावंच. पण नाणेघाटाच्या फोटोखाली कुणी विचारलं, "तिथे गाईड मिळतो का?", की लगेच दहा जण तुटून पडतात. "गाईड कशाला? गुगल मॅप आहे की." "युट्यूबवर सगळी माहिती आहे." "गडकिल्ले आपले, ते बघायला पैसे कसले द्यायचे?" एकाने तर लिहिलं होतं, "लोकल लोक लुटतात, त्यांच्या नादी लागू नका."

मी स्पष्टच सांगतो. नाणेघाट आणि जीवधनला जाताना गावातला माणूस बरोबर घ्या. त्याला पैसे द्या, आणि घासाघीस न करता द्या. का, ते सांगतो.

आधी नाणेघाट. बहुतेक लोक काय करतात? धबधब्याजवळ फोटो, नानाच्या अंगठ्याजवळ फोटो, घळीतून थोडं खाली उतरून गुहेत बसून वडापाव. त्या गुहेच्या दोन्ही भिंतींवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, वय दोन हजार वर्षांच्या वर. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत गाई, हत्ती, घोडे, कार्षापण किती दिले, याचे आकडे त्यात आहेत. आज आपण मोबाईलवर जे आकडे दाबतो त्यांचे पूर्वज ज्या सगळ्यात जुन्या लेखांत सापडतात, त्यातला हा एक. आणि त्याच भिंतीला टेकून माणूस विचारतो, "इथे नेटवर्क येतं का हो?"

मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका. आता तिथे नुसती पावलांची खूण उरलीय आणि वर कोरलेली नावं. कुणी बोट ठेवून दाखवलं नाही तर ती पावलं दिसतच नाहीत. मी पैजेवर सांगतो, गेल्या पावसाळ्यात तिथे जाऊन आलेल्या शंभर लोकांना विचारा, पावलं बघितली का. किती हात वर होतात ते मोजा.

मॅप तुम्हाला गुहेच्या तोंडापर्यंत नेतो. आत काय बघायचं, हे त्याला विचारता येत नाही. हे दगड बोलत नाहीत, त्यांच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं. १८२८ मध्ये कर्नल साईक्सने या लेखाची नोंद घेतली, पुढे भगवानलाल इंद्रजींनी आणि ब्यूलरने तो वाचला, म्हणून आज आपल्याला नागनिका माहीत आहे. नाहीतर गावाकडच्या लोकांसाठी ती "पांडवांची अक्षरं"च राहिली असती.

बाकी तालुक्याचीही तीच गत. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीला लोक गणपती बघून खाली येतात, शेजारच्या लेण्यांत कुणी डोकावत नाही. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला माणूस, आणि तो आमच्या जुन्नरला पाणपोई घालून गेला! मानमोडीला नहपानाचा अमात्य अयम याचा लेख. ही माहिती शाळेत कुणी सांगितली नाही, मलाही नाही. (जुन्नर म्हटलं की बाहेरच्यांना फक्त बिबट्या आठवतो. त्याची बातमी आम्हीच देतो, हेही खरं.)

आता पैशाचं बोलू. "लोकल लोक लुटतात" म्हणणाऱ्यांनी कान देऊन ऐका.

पुण्याहून किंवा मुंबईहून एक बस निघते. धरा ४५ जण, माणशी ११०० रुपये. झाले ४९,५०० रुपये. गावात नाश्ता-जेवणाचे माणशी १६० दिले, म्हणजे ७,२००. वाट दाखवायला गावातलं एक पोरगं, त्याच्या हातावर ५०० टेकवले. गावात आले ७,७००. सहावा हिस्साही नाही. बसभाडं, डिझेल, टोल जातो, मान्य आहे. मी व्यवसाय करू नका म्हणत नाही. पण त्या बसमध्ये पुढे उभा राहून घोषणा देणारा जो "ट्रेक लीडर" असतो, त्यातल्या अनेकांची ती तिसरी-चौथी खेप असते. जंगलात शिरल्यावर तो ज्याच्या मागे चालतो, ते पाचशेवालं पोरगं. फोटोत मात्र लीडर असतो, पोरगं नसतं.

आणि हे पोरगं कोण? घाटघर, अंजनावळे या पट्ट्यातलं, बहुतेक महादेव कोळी समाजातलं. घरी भाताचं खाचर, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. भात निघालं की घरातली अर्धी माणसं नारायणगाव-ओतूरकडे बागायतीत मजुरीला जातात. पावसाळ्यातले दहा-बारा रविवार हीच त्यांची दारात येणारी कमाई. त्यात तुम्ही घासाघीस करता? शंभर रुपयांसाठी? जाताना फूड मॉलवर तीनशेची कॉफी पिता तेव्हा म्हणता का, "भाऊ, दोनशेला दे"?

हिशेब परत मांडतो. १५ जणांमागे एक गावचा गाईड, प्रत्येकाला १,५०० रुपये. ४५ जणांना तीन गाईड, ४,५०० रुपये. माणशी बरोब्बर १०० रुपये पडतात. एका प्लेट मिसळीचे पैसे, राव.

जीवधनचा मुद्दा तर पैशाच्याही पुढचा आहे. या गडाच्या पायथ्याला दाट झाडी आहे आणि त्यात ढोरवाटांचं जाळं. कोरड्या दिवसातही नवखा माणूस चकतो. पावसात धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. वर कातळात कोरलेल्या पायऱ्या, त्याही मोडलेल्या. १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी आपल्या अनेक गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या होत्या, त्या धोरणाची किंमत आजचा ट्रेकर मोजतो. ओल्या कातळावर शेवाळ, एका बाजूला दरी. तिथे मोबाईलवरचा निळा ठिपका तुमचा हात धरत नाही. आणि कुणी अडकलं, चुकलं, पडलं की फोन कुणाला येतो? गावाला. रात्री बॅटऱ्या घेऊन रेस्क्यूवाल्यांच्या पुढे वाट दाखवत कोण चालतं? हीच पोरं. सकाळी ज्याला "गाईड नको, आम्हाला माहितीय" म्हणून वाटेला लावलं असतं, तोच रात्री खांद्यावर स्ट्रेचर घेतो. त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि तो मागतही नाही.

आता दुसरी बाजू. कारण मी फक्त शहरवाल्यांना झोडपलं तर गावातले टाळ्या वाजवतील, आणि मला त्या नकोत.

गाईड थापा मारतात, हा आरोप खरा आहे. प्रत्येक गडावर एक भुयार असतं आणि ते थेट दुसऱ्या गडावर निघतं. प्रत्येक टाक्यात खजिना असतो. नाणेघाटातल्या दगडी रांजणाबद्दल तर काय काय ऐकावं! जकातीची नाणी त्यात टाकायचे असं परंपरेने सांगतात. मग तसंच सांगा ना, "असं सांगतात" म्हणून. रोज किती रांजण भरायचे याचा आकडा कुठून काढता? जीवधनवर खरी गोष्ट केवढी मोठी आहे! इथे कैदेत असलेल्या निजामशाहीच्या वारसाला शहाजीराजांनी बाहेर काढलं, गादीवर बसवलं आणि मोगलांच्या विरोधात स्वतः कारभार हाती घेतला. हे सोडून भुयाराच्या गोष्टी कशाला?

काही जण दारू पिऊन येतात, तेही मी बघितलंय. काही जण पार्किंगच्या नावाखाली दादागिरी करतात. एका दादाला मी पावती मागितली तर तो म्हणाला, "तुम्ही पत्रकार ना, तुम्हाला फुकट." मला फुकट नको, दादा, सगळ्यांना पावती पाहिजे.

पण थापांचा दोष एकट्या पोराच्या माथी मारू नका. दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला ब्राह्मी लिपी कोण शिकवणार होतं? जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. बोर्ड लागले, भाषणं झाली. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यात अशा संस्थांच्या नोंदणीचं बंधन आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात आमचा शिवनेरी आहे. फटाके वाजले, मीही बातमी लिहिली. आता माझा प्रश्न साधा आहे: या सगळ्या काळात घाटघर पट्ट्यातली किती मुलं-मुली प्रशिक्षण घेऊन, ओळखपत्र लावून उभी राहिली? आकडा जाहीर करा. मी एका सरकारी कार्यालयात अधिकृत गाईडची यादी मागायला गेलो होतो. एका टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसरे साहेब मिटिंगला. यादी अजून यायचीय.

कुणी म्हणेल, आपल्याकडे हे जमणार नाही. पेरू देशाचं बघा. माचू पिचू नावाचं डोंगरावरचं इंका लोकांचं उद्ध्वस्त शहर, जगभरातून लोक जातात. तिथे पायी नेणारी जी प्रसिद्ध इंका वाट आहे, तिच्यावर दिवसाला ५०० माणसांनाच परवानगी. त्यात हमाल, स्वयंपाकी, गाईड सगळे धरलेले. परवानाधारक गाईडशिवाय त्या वाटेवर पाऊल टाकता येत नाही. आपल्यातलेच लोक तिथे जातात, डॉलर मोजतात आणि परत येऊन "काय सुंदर व्यवस्था!" म्हणून फोटो टाकतात. तीच माणसं घाटघरच्या पोराला विचारतात, "तीनशेत जमेल का?" माचू पिचू पंधराव्या शतकातलं. आमची नाणेघाटाची गुहा त्याहून दीड हजार वर्षांनी जुनी आहे.

सगळीकडे सक्ती करा असं मी म्हणत नाही. शिवनेरीला पायऱ्या आहेत, आजीबाईसुद्धा चढतात, तिथे गाईड घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जीवधनसारख्या गडावर पावसाळ्याचे चार महिने गावचा माणूस सक्तीचा करा. दर ग्रामसभेत ठरवा आणि घाटघरच्या फाट्यावर बोर्डावर रंगवा, म्हणजे लुटीची बोंब नको आणि घासाघीसही नको. दारू प्यायलेला सापडला तर त्याचं नाव यादीतून काढा. मुलींना यात आणा. हिरड्याच्या झाडावर चढणाऱ्या पोरींना जीवधन अवघड नाही. आणि महिन्यातून एक दिवस एखाद्या जाणकाराला गुहेत बोलवा, लेखाची एकेक ओळ या पोरांकडून वाचून घ्या. जुन्नरमध्ये अभ्यासक आहेत, बोलावलं तर येतील, मी त्यांना ओळखतो.

ट्रेक नेणाऱ्या संस्थांचे बरेच मित्र माझ्या यादीत आहेत. राग आला असेल तर कमेंटमध्ये जरूर या. फक्त सुरुवातीला एवढं लिहा: मागच्या जीवधन ट्रेकला किती माणसं नेली, माणशी किती घेतले आणि गावच्या वाटाड्याला किती दिले. मग वाद घालू.