तिसऱ्या आठवड्याचे काम

गेले चार-पाच महिने या सदरात अधूनमधून खंड पडला. त्याचे कारण आज सांगतो. माझ्या मानेला सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे काणाडोळा केला. पुढे रात्री घामाने अंथरूण भिजू लागले, वजन उतरले, तेव्हा थोरल्या मुलाने धरून दवाखान्यात नेले. गाठीचा तुकडा तपासला आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. डॉक्टर त्याला लिम्फोमा म्हणतात. दर 21 दिवसांनी एक, असे केमोचे 6 डोस ठरले.

शेतकऱ्याला पाळी म्हटले की पाटाचे पाणी आठवते. ही पाळीही तशीच निघाली. पहिला आठवडा मळमळ आणि अशक्तपणा. दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा लग्न, बाजार, गर्दी वर्ज्य, आणि ताप 100.4 अंशांवर गेला की अपरात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा. तिसऱ्या आठवड्यात मात्र माणूस जरा माणसात येतो. त्या आठवड्याचे करायचे काय? खाटेवर पडून आढ्याचे वासे मोजले की नको नको ते विचार येतात.

आमच्या डोंगराकडच्या तुकड्यावर जायला एक जुनी उघडी जीप आहे. वाट सगळी उताराची. मागल्या पावसाळ्यात धाकटा मुलगा जीपसकट बांधावरून कलंडला. खाली वैरणीची गंजी होती म्हणून वाचला. मनात आले, मी असेन नसेन, पण पोरांच्या डोक्यावर पोलादाचा पिंजरा तरी असावा.

गावातला वेल्डिंगवाला म्हणाला, "अण्णा, विहिरीवरचा जुना पाईप पडलाय, त्याचाच वाकवून देतो की!"

मंडळी, इथेच माणूस फसतो. पाण्याच्या पाईपावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना त्याच्या धुराने कारागिराला ताप भरतो, आणि गाडी उलटली तर तो पाईप भार पेलेल याची खात्री नाही. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीला बिनजोडाचा, म्हणजे कोल्ड ड्रॉन सीमलेस पाईप लागतो. व्यास 45 मिलिमीटर, जाडी 2.5 मिलिमीटर. तोच शहरातून मागवला. तो तापवून वाकवायचा नाही, मशीनवर थंडच वाकवायचा. आणि बाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर पाईप चेपतो. पिंजऱ्याचे पाय नुसत्या पत्र्यावर टेकवूनही चालत नाहीत. प्रत्येक पायाखाली 3 मिलिमीटर जाडीची, निदान 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि 8 मिलिमीटरचे कमीत कमी 3 बोल्ट हवेत.

पहिल्या डोसानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी बांबूच्या कामट्यांचा पिंजरा जीपवर बांधून पाहिला. दुसऱ्या वेळी मापे कागदावर उतरवली. मग कमानी वाकवून आल्या. वेल्डिंगला मी हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मोजायचे, खुणा करायच्या आणि कापलेली तोंडे कानशीने साफ करायची, एवढेच माझ्या वाट्याला.

चौथ्या डोसानंतर तेही सुटले. केमोतल्या एका औषधाने बोटांची टोके बधिर झाली. सदऱ्याचे बटण लागेना. पाईपाची धार बोटाला कळेना, आणि अशा दिवसांत साधी जखमही महागात पडते. मी चिडून कानस फेकली. आमची मंडळी धुणे टाकून आली. म्हणाली, "अहो, ती कानस इकडे द्या. तुम्ही नुसतं सांगा."

तिने हातमोजे घालून एकेक तोंड घासले. मग बोट हलकेच फिरवून म्हणायची, "इथं अजून लागतंय." तीस वर्षांत आम्ही इतके जवळ बसून एक काम केले नव्हते. आजाराने माझी बोटे नेली, पण कोणाचा हात मागायची लाज होती, तीही नेली.

पिंजरा आता जीपवर चढला आहे. डोक्याशी येणाऱ्या पाईपांवर जाड फोम गुंडाळला. सीटला पट्टे बसवले, कारण पट्टा नसेल तर उलटताना पिंजऱ्यावरच डोके आपटते. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, असा घरात नियम केला आहे.

ट्रॅक्टरला मात्र अशी घरची चौकट करू नका. तिथे कंपनीने चाचणी घेतलेलीच चौकट हवी, आणि तिच्याबरोबर पट्टाही. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांना चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे फार घटले.

आणखी एक. मान, काख किंवा जांघेत गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. न दुखणारी गाठ मी अंगावर काढली, तुम्ही काढू नका.

माझे 6 डोस संपले. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काय निघेल ते निघेल. परवा धाकट्याने मला शेजारी बसवून डोंगराकडच्या तुकड्यावर नेले. त्या बांधाशी जीप जरा कलली, तेव्हा माझा हात आपोआप वरच्या पाईपाकडे गेला. पाईप जागचा हलला नाही.

बरे, पुढच्या अंकी भेटू. रामराम!