भाकरीला बारा रुपये?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत महागाईचा विषय निघाला. तो दर महिन्याला निघतोच म्हणा! तेल झालं, गॅस झाला, शाळेच्या वह्या झाल्या आणि मग मी सवयीप्रमाणे भाषण ठोकलं. "स्टँडसमोर वडापाव वीस रुपये झाला तरी गर्दी काही हटत नाही. चायनीजच्या गाडीवर तर उभं राहायला जागा नाही. एवढे पैसे बाहेर घालवण्यापेक्षा पोरांना घरी करून घाला की!" सगळ्या माना डोलावत होत्या. मागे बसलेली एकजण, कापडाच्या दुकानात नोकरी करणारी, हळूच म्हणाली, "ताई, संध्याकाळी तुमच्याकडं कुकर कोण लावतं?"

माझ्याकडे सासूबाई लावतात. मी गप्पच बसले.

घरी आल्यावर मात्र वही काढून हिशेब मांडला. चौघांना आठ वडे आणि पाव घरी करायचे, तर बटाटे, बेसन, तेल, मिरची-कोथिंबीर धरून मला नव्वद-शंभर रुपये पडले. बाहेर त्याचे एकशे साठ. म्हणजे साठ रुपये वाचले. पण बटाटे उकडण्यापासून कढई घासेपर्यंत दीड तास गेला, तो वहीत कुठे लिहायचा? ती बाई दुकानातून साडेसातला सुटते, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. पोरं भुकेनं कावलेली. तिच्या दृष्टीनं ते साठ रुपये म्हणजे दीड तास लवकर पाठ टेकायचं भाडं आहे.

केंद्र सरकारनं 2024 मध्ये लोक दिवसभराचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी 289 मिनिटं जातात. पुरुषांपैकी जे घरकामाला हात लावतात, त्यांची 88. (हात न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत, हे लक्षात घ्या!) बाहेरच्या खाण्याच्या भावाची तुलना आपण किराण्याच्या बिलाशी करतो, या पावणेपाच तासांशी करत नाही.

आणि किराणा तरी कुठे स्थिर आहे? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल अडकलं. त्याच वर्षी इंडोनेशियानं काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याच सरकारनं आयातशुल्क वाढवलं. प्रत्येक वेळी गाडीवाल्याची कढई महागली तशी आपलीही महागलीच. गाडीवाल्याला व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो. मे 2022 मध्ये मुंबईत तो 2300 रुपयांच्या वर गेला होता, आणि त्याच महिन्यात आपल्या घरच्या सिलिंडरनंही हजार ओलांडले. मग बाहेरचं महागलं म्हणून घरचं स्वस्त वाटेल कसं?

शिवाय भाववाढ सरळ दिसतही नाही. वडा बारकावतो, भेळेच्या कागदाचा कोन निमुळता होतो. पोरांच्या कुरकुरीत पुड्याचे तर वर्षानुवर्षं पाचच रुपये, फक्त आतली हवा वाढत गेली.

लोक चैनीला सोकावलेत असं म्हणणं सोपं आहे, मीही म्हणत होते. पण 2025 मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला. जागा घेणं, चार दिवस कुठे फिरून येणं हे तर बोलायलाच नको. हॉटेलात सहकुटुंब बसायचं तर पाचशेची नोट पुरत नाही. मग राहतं काय? साठ रुपयांची मंचुरियनची प्लेट दोघांत! हौस मोठी परवडत नाही म्हणूनच छोटी सुटत नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बायकाही दवाखाना, बाजार, माहेर असं जास्त फिरतात. दोन तास गाडीची वाट बघायची तर पोटात काही नको?

सरकारी खर्च पाहणीतही हेच दिसतं. 2023-24 मध्ये खेड्यातल्या घराच्या शंभर रुपयांच्या खर्चात जवळजवळ दहा रुपये चहा-बिस्किटं, फरसाण, तयार खाणं यांवर गेले. दुधावर साडेआठच्या आत आणि भाजीवर सहा. हे वाचून मात्र जीव कळवळला. आमच्या गटातल्या दोघींच्या मुलींचं रक्त कमी निघालंय आणि दोघींचा चार वाजताचा खाऊ म्हणजे पुडा. अन् त्या कढईतल्या काळ्या तेलाचं समर्थन मी कधीच करणार नाही. तळून तळून तेल किती खराब होऊ द्यायचं याची मर्यादा 2018 पासून कायद्यानं ठरलेली आहे, पण गाडीवर ती तपासायला येतो कोण?

म्हणून गेल्या वर्षी आम्ही पाचजणींनी भाजी-भाकरी केंद्र सुरू केलं. ज्वारीची भाकरी दहा रुपये. ज्वारी आमच्या सोलापूर जिल्ह्याची, दळण गावातलं, थापणाऱ्या दोघी विधवा. चार महिन्यांत ज्वारी आणि गॅस दोन्ही चढले, म्हणून बारा रुपये केले. त्या दिवशी जे ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका! "भाकरीला बारा रुपये? पीठ आणि पाणी तर असतं!" हे म्हणणारे गृहस्थ शेजारच्या गाडीवर साठची प्लेट ऐंशी झाली तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. मंचुरियनला काय काय लागतं हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून तो सांगेल तो भाव. भाकरीचं सगळं ठाऊक आहे. जन्मापासून ती आई, बहीण, बायको यांच्या हातून फुकट मिळालेली आहे.

थापणाऱ्या दोघींपैकी एकीनं त्यांना उत्तर दिलं, "दादा, पिठाचे सहा. बाकीचे माझे." ते भाकरी न घेताच गेले. आम्ही भाव बाराच ठेवलाय. कापडाच्या दुकानातली ती बाई मात्र आता जाताना रोज सहा भाकरी नेते, सुट्टे पैसे आधीच हातात काढून.