गोठ्यातलं नळकांडं



दिवाळीत भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी जुना गोठा रिकामा करत होतो. आढ्याला खोचलेलं हातभर वेळूचं नळकांडं निघालं. एक टोक बंद, दुसरं तिरकं कापून घासलेलं. मी ते फेकणार, तोच बाबा म्हणाले, "राहू दे. आजोबांच्या घोडीचं आहे."

ती घोडी आजोबांनी माळेगावच्या जत्रेतून आणली होती. तिचं पोट दुखलं की ओवा-हिंगाचा काढा याच नळकांड्याने पाजत. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथेच बसते. नळकांड्याचं तोंड तिथून आत घालायचं, घोटभर ओतायचं, गिळू द्यायचं, मग पुढचा घोट. काचेची बाटली दाढेखाली फुटते, वेळू फुटला तरी काच पोटात जात नाही. काही ठिकाणी बैलाचं शिंगही वापरत.

आपल्या भागाला घोडे नवे नाहीत. पंधराव्या शतकात निकितीन हा रशियन व्यापारी आपला घोडा विकायला बिदरला आला होता. घोड्याच्या वैद्याला साळोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आला.

मी विचारलं, "मग घोडीचं काय झालं?"

बाबा जरा थांबले. "मी सहावीत होतो. आजोबा गावाला गेले होते. रात्री घोडी लोळायला लागली. मी तिचं तोंड उंच धरलं आणि सगळा काढा एकदम ओतला. ती खोकली, तरी मी सोडलं नाही."

औषध श्वासनलिकेत गेलं होतं. चौथ्या दिवशी घोडी गेली.

आजोबा रागावले नाहीत. पुढच्या वर्षी बैल आजारी पडला, तेव्हा त्यांनी नळकांडं बाबांच्याच हातात दिलं. शेजारी उभं राहून एवढंच म्हणाले, "खोकला की डोकं खाली सोड."

आज बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. डॉक्टर नाकातून थेट पोटापर्यंत नळी घालून घोड्याला औषध देतात. ते काम त्यांचंच. घरी प्रयोग नकोत. पण गोठ्यातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा. बाबांनी ही गोष्ट मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितली.