तुटला की तोडला?

गेल्या वर्षी वसुबारसेच्या सकाळी मी आमच्या मोटारीचा एक हीटर प्लग तोडला. 'तुटला' असे मी त्यानंतर भेटेल त्याला सांगत होतो. मराठीचा प्राध्यापक असल्याचा एवढा तरी फायदा असावा! सकर्मक क्रियापद अकर्मक केले की कर्ता वाक्यातून अलगद निसटतो.

आमची मोटार डिझेलवरची, बारा वर्षांची. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचे काम नाही. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, ही रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची युक्ती. त्याचे इंजिन १८९७ साली चालले. पण पहाटेच्या गारठ्यात थंड लोखंड ती उष्णता शोषून घेते. म्हणून प्रत्येक सिलिंडरात विजेने लाल होणारी एक बारीक कांडी बसवतात. तोच हा हीटर प्लग. आमच्या चारांपैकी दोन निकामी झाले होते. सकाळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, पांढरा धूर सोडायची, आणि शेजारचे आजोबा खिडकी लावून घ्यायचे.

धनत्रयोदशीला वाईहून आईला पुण्याला आणायचे होते. एस. टी.च्या पायऱ्या आता तिला चढवत नाहीत. गॅरेजात दिवाळीची गर्दी. तेव्हा चार नवे प्लग आणून मीच बाह्या सरसावल्या. ही म्हणाली, "मेस्त्रींना विचारा तरी." मी विचारले नाही. पहिले दोन सुटले. तिसरा हलेना. मग पान्याला तीन फुटी नळी अडकवून जोर केला. कट् असा आवाज झाला, आणि प्लगचे डोके माझ्या हातात आले. धड आट्यांसकट इंजिनाच्या हेडमध्येच राहिले.

संध्याकाळी मेस्त्री आले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिले.

"तुटला हो प्लग," मी म्हणालो.

"इंजिन गार होतं ना, सर?" त्यांनी एवढेच विचारले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या नळीकडेही त्यांनी पाहिले, पण बोलले काही नाहीत.

मागाहून मला कळले ते असे. प्लगभोवती वर्षानुवर्षे काजळी साचते आणि आटे गंजून धरतात. दहा मिलिमीटर आट्यांचा प्लग काढताना ३५ न्यूटन-मीटरपलीकडे जाऊ नये, असा दंडक आहे. फूटभर पान्याच्या टोकाला बारा किलो टांगले तर एवढा पीळ पडतो. माझ्या नळीच्या टोकाला चार किलो पुरले असते. मी तर लोंबकळत होतो!

मेस्त्रींनी आधी चौथा प्लग घेतला. मोडलेले धड आत घट्ट होते, म्हणून इंजिन चालवून गरम करता आले. मग आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम, पुन्हा तेल. पाना जरासा सैल करायचा, लगेच उलट आवळायचा, पुन्हा सैल. दीड तासाने प्लग बाहेर आला. मला हे बघवत नव्हते. मन वाईच्या रस्त्याला लागले होते.

मोडक्याची कथा निराळी. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून पिळावे, असे मी सुचवले. "तो आत मोडला तर त्याला ड्रिलसुद्धा लागत नाही. मग हेड उतरवायचं. आठ दिवस," मेस्त्री म्हणाले. मी गप्प बसलो. त्यांनी नवा प्लग मापाला धरून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण केली, बीट नेमके मधोमध राहावे म्हणून नळकांडे लावले, कीस चिकटून राहावा म्हणून बीटाला ग्रीस फासले. आधी बारीक, मग जाड अशी बिटे घेत धड आतून पोखरले, आटे कागदासारखे पातळ करून सोलून काढले. राहिली टोकाची कांडी. ती आत पडली असती, तर घात! पिस्टन वर येतो तेव्हा हेडपर्यंत जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. कांडीत आटे पाडून त्यांनी स्क्रू बसवला आणि सरकत्या हातोडीने बाहेरच्या बाजूला टक्‌टक् ठोके देऊ लागले. मी ठोके मोजत होतो. एकविसाव्याला ती आली. डिझेल बंद ठेवून इंजिन फिरवले, भोकातून उरलासुरला कीस हवेबरोबर उडाला. आटे टॅपने साफ करून नवा प्लग त्यांनी मोजक्या पिळाने बसवला.

वाईला पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आई पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

"इतका उशीर?"

"प्लग तुटला, आई."

"बाबांनी तोडला," मागच्या सीटवरून चिरंजीव.

आई सावकाश गाडीत बसली. दार लागल्यावर म्हणाली, "ह्यांचं भिंतीवरचं घड्याळसुद्धा असंच आपोआप बंद पडलं होतं. तू तेव्हा चौथीत होतास."