सांभाराची जुडी आणि चाळीस तास

स्वमग्न मुलांना शिकवण्याच्या ‘अप्लाइड बिहेवियर अॅनॅलिसिस’ या पद्धतीवर, म्हणजे एबीएवर, ‘ही तर सर्कशीतली तालीम’ हा आक्षेप हल्ली नागपुरातल्या धरमपेठेतल्या शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतो. तो हवेतला नाही. या पद्धतीचे एक प्रवर्तक, मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये स्वमग्न मुलांना विजेचे धक्के देऊन पाहिले होते; त्यांच्या १९८७च्या गाजलेल्या प्रयोगातही मांडीवर चापटी मारली जात होती. अशा शिकवणीतून गेलेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती आज मोठेपणी तिच्याविषयी रागाने लिहितात. तो राग रास्तच आहे.

पण म्हणून अख्खी पद्धतच मोडीत काढायची? शर्टाचं बटण घ्या. काजातून ते अर्धंअधिक आपण काढून द्यायचं, शेवटचं ओढणं तेवढं मुलाने करायचं. ते जमलं की त्याआधीची पायरी त्याच्यावर सोडायची. असं उलटीकडून शिकवलं की प्रत्येक खेपेला काम पुरं होतं ते मुलाच्याच हातून. यात क्रौर्य कुठे आलं?

‘हे तर आई करतेच, त्याला पैसे कशाला मोजायचे?’ हा दुसरा सूर, बहुधा आजोबांचा. आई करते, खरंय. पण सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की तीच भराभर सगळी बटणं लावून मोकळी होते, आणि मूल बारा वर्षांचं झालं तरी हात वर करून उभं. मूल नेमकं कुठल्या पायरीवर अडलं, याची रोज नोंद ठेवणं आणि आपली मदत ठरवून कमी करत नेणं, हे शिकावं लागतं. आईबाबांनाही.

बटणासारखंच बाजारहाटाचं. गोकुळपेठ बाजारातून सांभार (कोथिंबीर) आणायचा तर पिशवी घेणं, भाजीवाल्या काकूंसमोर थांबणं, बोलता येत नसेल तर जुडीचं चित्र दाखवणं, नोट देणं, उरलेल्या पैशांसाठी हात पुढे करणं, इतकं सगळं आलं. एसी खोलीत प्लास्टिकच्या टमाटरांवर जमलेला हा सौदा बाजारच्या गर्दीत हमखास फसतो. म्हणून सराव बाजारातच हवा. जे सेंटर खोलीबाहेर पडत नाही, त्याच्या प्रगतिपुस्तकावर माझा फारसा विश्वास नाही.

आणि ‘आठवड्याला चाळीस तास, मूल नॉर्मल’ ही जाहिरात तर साफ झूट. तिचं मूळ त्याच १९८७च्या प्रयोगात आहे. एवढे तास शिकवलेली मुलं होती १९, त्यांतली ९ ‘सामान्य’ ठरली, आणि कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. एवढ्या भांडवलावर चाळीस तास? ती तर मोठ्या माणसाची पूर्णवेळ नोकरी झाली.

बटण, आंघोळ, सौदा यांसाठी ही पद्धत जरूर वापरा. हात फडफडवणं थांबवायला, नजरेला नजर भिडवायला लावण्यासाठी मात्र नको. त्यात सोय पाहुण्यांची होते, मुलाची नाही. फी विचारण्याआधी थेरपिस्टला एवढंच विचारा, मूल ‘नको’ म्हणालं तर तुम्ही काय करता? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं सेंटर बघा.